'रिफाइंड शुगर नाही' म्हणजे साखर नाही असं समजायचं का?

मिरजेची_सून:
सासूबाईंना शुगर आहे. नणंदेनं त्यांच्यासाठी नाचणी-खजूर बिस्किटांचे पुडे आणलेत. पुढं हिरव्या ठळक अक्षरांत 'रिफाइंड शुगर अजिबात नाही'. सासूबाई निर्धास्त, चहाबरोबर चार-चार चालू. काल चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: एकूण शर्करा 100 ग्रॅममागे 24 ग्रॅम! नणंद म्हणते, "खजुराची आहे गं, ती बाधत नाही." खरंच का?

तासगावकर_आबा:
ताई, आमचा बेदाण्याचा धंदा. शेडवर द्राक्षं नुसती वाळवतो, वरून चिमूटभर साखर घालत नाही कुणी. तरी 100 ग्रॅम बेदाण्यात 60 ग्रॅमच्या वर साखरच की! पाणी उडालं, गोडी कुठं जाणार? खजुराचंबी तसंच.

कुपवाड_क्यूसी:
बेकरी युनिटला क्वालिटीचं काम करतो. खरी मेख त्या शब्दांत आहे. 'नो ॲडेड शुगर' (वरून साखर घातलेली नाही) छापायचं तर एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, 2018 चे नियम आडवे येतात. साखर, गूळ, मध तर नाहीच, साखरेऐवजी सुक्या फळांची पेस्ट घातली तरी तो दावा करता येत नाही. म्हणून मग 'रिफाइंड शुगर नाही', म्हणजे कारखान्यातली पांढरी साखर नाही, एवढंच. गूळ घाला, खजूर घाला, वाक्य खोटं ठरत नाही.
तुमचं बिस्किट दहा ग्रॅमचं धरलं तर चार बिस्किटांत दोन चमचे साखर गेली, पीठ वेगळंच. घटकांची यादी बघा, जास्त वजनाचा घटक आधी लिहावा लागतो. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) असलं तर ते शर्करेच्या आकड्यात धरत नाहीत, कार्बोहायड्रेटमध्ये जातं. रक्तात मात्र ग्लुकोजच्याच वेगानं चढतं.

मिरजेची_सून:
बघितली यादी. मैदा, खजूर पेस्ट, तेल, गूळ, आणि मग नाचणी! नणंदेला फोटो पाठवला, तर आता 'शुगर फ्री' चॉकलेट आणते म्हणतेय.

कुपवाड_क्यूसी:
त्या दाव्याला मर्यादा कडक आहे, 100 ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम. पण गोडीला बहुतेक माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ, असतो. त्याच्याही ग्रॅममागे दोनेक कॅलरी, आणि रक्तातली साखर थोडीफार वाढतेच. जास्त खाल्लं तर पोट ढाळतं, तशी सूचना पाकिटावरच असते. एखादा तुकडा ठीक, अख्खा बार हातात देऊ नका.

तासगावकर_आबा:
त्यापेक्षा फुटाणे द्या की चहाबरोबर. खारे नकोत, साधे.