दुपारच्या उन्हात फझ पेडलचा आवाज मरतो

परभणीकर:
गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या फझ फेस पेडलचं सर्किट, दोन एसी १२८ (जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर), ९ व्होल्टची नवी बॅटरी. सकाळी झकास वाजतं. दुपारी मांडवात पारा ४२ वर गेला की आवाज पातळ, सूर फुरफुरत तुटतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (एमिटर, बेस, कलेक्टर या तीन पायांपैकी एक) सकाळी ४.६ व्होल्ट, दुपारी ७.४. ट्रान्झिस्टर गेला का?

लातूरचा सोल्डरवाला:
गेला नाही, गळूलालाय. जर्मेनियमची गळती (बेसला काही न देताही वाहणारा करंट) दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. पहिल्याच्या कलेक्टरच्या ३३ के (किलोओहम) रेझिस्टन्समधून मुळात पाव मिलिअँपच वाहतो. तो सगळा गळतीनंच खाल्ला की दुसऱ्याच्या बेसला काही उरत नाही, तो बंद पडत जातो आणि त्याचा कलेक्टर ९ कडे सरकतो.

सकाळच्या गारव्यात मोजा. एमिटर बॅटरीच्या प्लसला; कलेक्टर २.२ के आणि २७० ओहम सिरीजमध्ये घालून मायनसला, बेस मोकळा. दोन्ही रेझिस्टन्सवर मिळून ०.५ व्होल्ट म्हणजे २०० मायक्रोअँप गळती. थंड मुलखात तेवढी चालून जाते. आपल्याकडे पहिल्या जागी ०.१२ च्या वर नको. मग बेस ते मायनस २.२ मेग लावा. जितके व्होल्ट वाढतील गुणिले १००, तो खरा गेन, म्हणजे करंट किती पट वाढतो ते. पहिल्याला ७०-८०, दुसऱ्याला ११०-१३० हवा. चिमटीत धरून मोजाल तर बोटाच्या उबेनंच आकडा चढेल. मीटरच्या एचएफईवर (गेन मोजायच्या सोयीवर) जाऊ नका, तो गळतीही गेनमध्ये धरतो.

बीडकर:
दुसऱ्याच्या कलेक्टरच्या ८.२ के च्या जागी ४.७ के आणि १० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) सिरीजमध्ये टाका, दुपारी कलेक्टर ४.५ च्या दिशेनं खाली आणता येतो. पहिलाच गळका असेल तर मात्र नुसते व्होल्ट जुळतील, आवाज नाही. आणि हे पॉझिटिव्ह ग्राउंड आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस ग्राउंडला. बाकीच्या पेडलांच्या अडॅप्टरवर जोडलं की सरळ शॉर्ट.

नांदेड_६स्ट्रिंग:
मे महिन्यात मांडवातच वाजवायचं तर जर्मेनियमऐवजी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर घ्या राव. १९६६ ला हे पेडल निघालं ते इंग्लंडच्या हवेत, आणि दशक सरायच्या आत कंपनीच बीसी १०८ या सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर गेली. तो एनपीएन, म्हणजे पीएनपीच्या उलट प्लस-मायनसचा, म्हणून बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उलटे लावायचे. आवाज जरा कर्कश होतो, कधी रेडिओही पकडतो. कलेक्टर-बेसमध्ये १०० पिकोफॅरड टाका.

परभणीकर:
मोजलं. पहिला गळतीला ०.२८ व्होल्ट, गेन ११५. दुसरा ०.१०, गेन ८०.

लातूरचा सोल्डरवाला:
मग उलटेच बसलेत की! अदलाबदल करा, वर बीडकरांचा पॉट. सोल्डर करताना ट्रान्झिस्टरच्या पायाला उष्णता ओढून घ्यायला चिमटा लावा, नाहीतर झाळीनंच जातील.