पॉली बुशची कुईकुई
गाडीच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे पॉलीयुरेथेनचे बुश (धक्का झेलणारे गोल तुकडे) कुईकुई करतात, म्हणून कुणी बाहेरून स्प्रे मारायला सांगितलं, तर त्याने चार दिवस आवाज बंद होईल, बस्स. कंपनीचा रबरी बुश आतल्या स्लीव्हला (धातूच्या नळीला) घट्ट चिकटवलेला असतो, सस्पेन्शन हललं की रबरच पिळतं. पॉलीयुरेथेनचा बुश मात्र स्लीव्हवर चक्क फिरतो, म्हणजे कोरडा पडला की ओरडणारच. बुश काढा, जुनं ग्रीस पुसा, स्वे बारवर (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, त्यावरही बुश बसतात) गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा. मग किटसोबत येतं तसलं चिकट सिलिकॉन ग्रीस आतून चोपडा, आणि कडांनाही. कडा हमखास राहतात! गॅरेजच्या डब्यातलं साधं ग्रीस नको, पावसात धुऊन जातं. बुश धरणाऱ्या क्लॅम्पला ग्रीस निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर पुढच्या वेळी खोलायचीही गरज नाही, ग्रीस गन लावली की झालं.