संघ पेठेबरोबर मिळतो

जिंकणारा संघ लहानपणी टीव्हीवर पाहून माणूस आयुष्यभराचा फुटबॉल क्लब निवडतो, असे म्हणतात; हे मत परदेशी क्लबांपुरते मला मान्य आहे. कोल्हापुरात मात्र संघ निवडावा लागत नाही, तो पेठेबरोबर मिळतो. तेथील अनेक संघ कुस्तीच्या तालमींतून उभे राहिले, म्हणूनच पाटाकडील किंवा खंडोबा या नावांपुढे आजही 'तालीम' लागते, आणि ज्या तालमीच्या गणपतीची वर्गणी घरातून जाते तिचाच संघ त्या घराचा असतो.

माझे आजोळ मंगळवार पेठेतले. मामांनी सहाव्या वर्षी मला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमवर नेले, तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, पण मैदानावरची आपली पोरे कोणती, हे पक्के ठाऊक होते.