शूटिंग झालं, पिच्चर पूर्ण झाला, मंग आला काऊन नाई?

कपाशीवाला:
सहा वर्षांमागं आमच्या गावात (घाटंजीच्या इकडं, जिल्हा यवतमाळ) एका मराठी पिच्चरचं शूटिंग झालं. बावीस दिवस गाव नुसतं तिकडंच. माह्या मोठ्या मायचा कापूस वेचाचा सीन होता, तीनदा घेतला, दर वेळी वेचलेला कापूस परत बोंडात कोंबून तिले पुन्हा वेचाले लावे, तं ती डायरेक्टरले म्हणे, "बावा, वेचलेलं बोंड पुन्हा फुटत असते का?" पिच्चर पूर्ण झाला, एका फेस्टिवलात दाखवला बी, पण थेटरात नाई अन मोबाईलवर बी नाई. गावात अजून ईचारतेत, कधी येते. माहं मत सरळ आहे, डिस्ट्रिब्युटर अन मल्टिप्लेक्सवाल्यायले आपल्या मातीचा सिनेमा नकोच. 2015 ले सरकारनं मराठीसाठी प्राइम टाइम ठरवला, दुपारी 12 ते रात्री 9. आता 12 चा शो कोणाच्या प्राइम टाइमचा, सांगा. अन कोणता मराठी लावाचा ते थेटरवालाच ठरवते, म्हणजे मोठ्या बॅनरचा लावला की झालं काम.

टॉकीजचा पोऱ्या:
भाऊ, सारं थेटरवाल्यावर ढकलू नका. तालुक्याला आमची टॉकीज होती, आता मंगल कार्यालय आहे. चार माणसं बसली तरी मशीन तेवढीच चालते, लाइट बिल तेवढंच येते. तुमच्या पिच्चरच्या पोस्टरवर एक म्हातारी अन एक बैल, पब्लिक तिकीट काढीन कशाले? ते रोज घरी पाह्यते ना हे. डिस्ट्रिब्युटरचंही ऐका. या धंद्यात पिच्चर इलाक्यानं विकते, त्याले सर्किट म्हणतेत. आपला विदर्भ त्यात अजून इंग्रजाच्या वेळच्या नावानं 'सीपी-बेरार', डिस्ट्रिब्युटरच्या असोसिएशनचं ऑफिस भुसावळले, मराठवाडा 'निजाम'मध्ये अन मुंबईचं सर्किट अलग. एकाच राज्यात पिच्चर तीन जागी विकाचा. त्यात डिजिटल प्रोजेक्शनची फी निर्मात्याच्या बाजूनं भराची, स्क्रीनमागं. हा पैसा कोणी ठेवलेला असते का? सारे पैसे ड्रोन अन कॅमेऱ्यात घालून मोकळे, अन मंग रडतेत.

पुण्यात अडकलेला वऱ्हाडी:
पैसे ठेवले नाहीत हे अर्धंच खरं आहे. 'अस्तु' बघा, 2013 चा, दोन राष्ट्रीय पुरस्कार, तरी थेटरात आला 2016 ला, तेही लोकांनी पैसे जमवले तेव्हा. तिथे काय डायरेक्टर अडाणी होते का? हिशोबच उलटा आहे. निर्मात्यांचा मल्टिप्लेक्सविरुद्धचा 2009 चा संप मिटला तेव्हा मल्टिप्लेक्समधला निर्मात्याकडचा वाटा ठरला पहिल्या आठवड्याला 50 टक्के, मग 42.5, 37.5 आणि 30. छोटा सिनेमा तोंडातोंडी पसरतो, त्याला दुसरा-तिसरा आठवडाच लागतो, आणि तोवर वाटाही उतरलेला आणि शोही गेलेला, सकाळी 9 चा एक उरला तर नशीब.

साऊंडवाला:
मी चार-पाच अशा पिच्चरवर काम केलंय, त्यातले दोन अजून डब्यात. दोन्हीत डिस्ट्रिब्युटरचा काही संबंध नाही, तिथपर्यंत गेलेच नाहीत! एकात बैलजोडी होती. बैल घरचा असला तरी शूटिंगच्या आधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, जनावराच्या डॉक्टरचा दाखला लागतो, नंतर एनओसी, त्याशिवाय सेन्सॉर पुढं सरकत नाही. हे कोणाला माहितीच नव्हतं, आणि बैल काढले तर पिच्चरमध्ये उरतं काय. खर्रा घोटतानाचा सीन असेल तर खाली तंबाखूचा इशारा टाका, ते तरी एडिटवर निभतं. दुसऱ्यात वरातीत डीजेवर हिंदी गाणं वाजत होतं, त्याचे हक्क कोण देणार. आणि ज्यांनी फुकट काम केलं त्यांच्याकडून सहीचा एक कागदही घेतलेला नाही. ओटीटीवाले आधी कागद मागतात, सिनेमा नंतर बघतात.

कपाशीवाला:
बैल आमचाच होता राजेहो. कागद कोणी मांगितलाच नाई. मोठ्या मायची सही बी नाई घेतली, नुसता चहा पाजला.

वडसा लोकल:
तुमी सारे थेटरातच अडकून बसले. आमच्या झाडीपट्टीत (गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याकडं) नाटक कसं चालते ते पाहा ना. वडशाच्या नाटक कंपनीकडं गावचं मंडळ येते, तारीख पक्की करते, अॅडव्हान्स देते, मंडप मंडळाचा, तिकीट मंडळाचं, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री हजारो माणूस पहाटेपर्यंत बसते. रिस्क गाव घेते कारण गावालेच पाह्याचं असते. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यायले 2023 ले पद्मश्री भेटली, काही मल्टिप्लेक्सनं नाई दिली. पिच्चर बी असाच गावोगाव विका.

टॉकीजचा पोऱ्या:
नाटकात नट समोर उभा असते दादा, त्याले मोबाईलमध्ये उतरवून पाह्यलं तं मजा नाई. पिच्चर पहिल्या गावात लावला की दुसऱ्या गावात सकाळी व्हॉट्सअॅपवर. अन मंडपात लावाला तरी सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतेच, जाहीर खेळ आहे तो.

पुण्यात अडकलेला वऱ्हाडी:
व्हॉट्सअॅपवर आला तरी चालेल अशी वेळ आलीय. सहा वर्षं कोणीच न बघण्यापेक्षा चोरून बघितलेला बरा. (साऊंडवाल्या, शिव्या देऊ नको.)

साऊंडवाला:
देणारच. माझे पैसे अजून बाकी आहेत.

कपाशीवाला:
आज डायरेक्टरले फोन लावला. म्हणे फायनल कॉपी एका स्टुडिओत अडकली आहे, बिल थकलं म्हणून देत नाई, अन बैलाचं तर त्यानं नावच नाई काढलं. मोठी माय 78 ची झाली. मले म्हणते, टीव्हीवर नाई तं नाई, तुह्या फोनमध्ये तं दाखव.

टॉकीजचा पोऱ्या:
कागद झाले तं सांगा. आमच्या मंगल कार्यालयात पडद्याची भिंत अजून तशीच पांढरी ठेवली आहे, बाबा रंग मारू देत नाई. भाडं नाई घेत, फक्त लग्नाची तिथी सोडून या.