जिलेटिनऐवजी काय वापरावे?

प्रश्न (कोथरूड, पुणे): जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनत असल्याने आमच्या सासूबाईंना चालत नाही. आंब्याच्या पुडिंगसाठी आणलेले चायना ग्रास मी कोमट दुधात ढवळले, तर तळाशी नुसते धागे राहिले. काय चुकले असावे?

उत्तर १: चायना ग्रास, म्हणजेच समुद्री शेवाळापासून काढलेले अगर, सुमारे ८५ अंश सेल्सिअसखाली नीट विरघळत नाही, म्हणून ते भिजवून, धागे दिसेनासे होईपर्यंत पाण्यात उकळावे आणि मगच गरम दुधात गाळून घालावे. गार दुधात ओतलेत, तर गुठळ्या ठरलेल्याच.

उत्तर २: पूड असल्यास अर्ध्या लिटरला ४ ग्रॅम पुरते. जिलेटिनचा लुसलुशीतपणा मात्र येत नाही, वड्या पडतात.

उत्तर ३: ताजा अननस जिलेटिनला जमू देत नाही, अगरला देतो.