प्रसादाला नाही म्हटलं, लिफ्टमधला स्प्रे बंद करा म्हटलं. चुकलं का?

बिनगव्हाची (धागाकर्ती)

मुलुंड पूर्वेला राहतो. लेक नऊ वर्षांची, तिला सीलिॲक आहे. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचंच शरीर तिच्याच आतड्यावर उठतं. रक्त तपासून, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून झालेलं निदान आहे. मासिकात वाचून मी लावलेलं नाही. मला स्वतःला दमा.

गेल्या रविवारी सोसायटीत सत्यनारायण होता. लेकीने हात मागे घेतला आणि म्हणाली, मला शिरा चालत नाही. लगेच तिन्ही बाजूंनी सुरू: प्रसादाला नाही म्हणू नये, एवढासा कण घे, देवाचा आहे, बाधत नाही. एका आजींनी तर तिच्या हातावर ठेवलाच. ती मूठ मिटून माझ्याकडे बघत उभी. घरी येऊन तिने शिरा कुंडीत टाकला, साबणाने हात धुतले आणि मग रडली. याच क्रमाने.

त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा होती. मी दोन गोष्टी मागितल्या. लिफ्टमध्ये दर पंधरा मिनिटांनी आपोआप फुसकन उडणारा सुगंधी स्प्रे काढा, मला सातव्या मजल्यापर्यंत श्वास पुरत नाही. आणि पेस्ट कंट्रोल किंवा धूरफवारणी असेल तर दोन दिवस आधी ग्रुपवर टाका. उत्तर मिळालं: एका माणसासाठी अख्ख्या सोसायटीने बदलायचं का?

आता माझं म्हणणं. या शहराला पथ्य कळत नाही असं अजिबात नाही. पावभाजीच्या गाडीवरही ‘जैन मिळेल’ लिहिलेलं असतं. चतुर्थीला ऑफिसच्या कँटीनमध्ये साबुदाणा खिचडी न मागता तयार असते. आमचा गिरणीवाला उपवासाच्या दळणाआधी जातं झाडून पुसून घेतो. मी त्याला ‘आजारी मुलीचं आहे, गव्हावर घालू नका’ म्हणून तांदूळ दिले, तर डोळ्यांदेखत गव्हावर घातले. म्हणून हल्ली मी आधी किलोभर राजगिरा देते, ‘उपवासाचं’ म्हणून. जातं साफ होतं. त्याच्या पाठोपाठ तांदूळ. धडधडीत खोटं बोलते. देवाच्या नावाचं पथ्य चालतं, डॉक्टरांच्या नावाचं म्हणजे नखरा. असं का?

चाळीतला

दणदणीत असहमती. गिरगावात चाळीत वाढलो. एका नळाचं पाणी, एका परातीतलं जेवण, घरोघरी धूप. तेव्हा कुणाला ग्लूटेन नव्हतं आणि सुगंधाने श्वास कोंडत नव्हता. हे सगळं पॅकेज संस्कृतीबरोबर आलेलं आहे. मुलांना काचेच्या कपाटात ठेवलं की असंच होणार. मलाही बांगडा खाल्ला की कधीकधी अंगावर पित्त उठतं. आमसूल चोळतो, तासाभरात बसतं. त्याची मी सभा भरवत नाही.

पॅथॉलॉजीवाला

@चाळीतला, तेव्हाही होतं हो. ‘संग्रहणी लागली, पोर वाळत गेलं आणि गेलं’ हे वाक्य तुमच्या आजीच्या तोंडून ऐकलंच असेल. त्यातल्या काही पोरांना हाच आजार असणार, नाव नव्हतं इतकंच. गव्हाशी त्याचा संबंध लावला डिके नावाच्या एका डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे नेदरलँडमध्ये पाव मिळेनासा झाला. बाकीचा देश उपाशी, आणि त्याच्याकडची ही मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. १९५० साली त्याने प्रबंध लिहिला. पॅकेज संस्कृतीच्या बरंच आधी.

‘एवढासा कण’ याबद्दलही. २००७ सालच्या एका अभ्यासात सीलिॲकच्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेवढ्याने आतड्यावर परिणाम दिसला. एका चपातीत साधारण दोन-अडीच ग्रॅम असतं. म्हणजे चपातीचे चाळीस-पन्नास तुकडे करा, त्यातला एक. प्रसादाचा चमचा त्याहून मोठा असतो.

आणि तुमचा बांगडा. बांगडा, कुपा, सुरमई हे मासे बर्फात नीट राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते तळून-उकळून जात नाही. अंगावर उठणारं ते पित्त बहुधा त्याचं. म्हणजे तुम्हाला बांगडा बाधत नसून शिळा बांगडा बाधतो. कोळीण बदलून बघा. ताज्यानेही उठत असेल तर मात्र तपासून घ्या.

चाळीतला

आमच्या कोळणीवर जायचं काम नाही. तीस वर्षं तिच्याकडून घेतो.

सेक्रेटरी_नाइलाजाने

मी दुसऱ्या एका सोसायटीचा सेक्रेटरी, कांदिवलीत, ९६ फ्लॅट. ताई, राग मानू नका, पण तुमच्या बाजूने सगळे टाळ्या वाजवतील म्हणून दुसरी बाजू लिहितो.

प्रसादाचं तुमचं शंभर टक्के बरोबर. पोरीच्या हातावर जबरदस्तीने काही ठेवणं हा असभ्यपणा आहे, त्याला चर्चाही नको. पण लिफ्ट आणि फवारणी वेगळी. माझ्याकडे या वर्षात आलेले अर्ज: तिसऱ्या मजल्याच्या अगरबत्तीने चौथ्याचं डोकं दुखतं. कापूर जाळू नये. जिन्यात फिनेल नको, त्याऐवजी लिंबाच्या वासाचं आणा. तेच लिंबाचं आणलं तर बी विंगमधून अर्ज, याने शिंका येतात. ऑइल पेंट गणपतीआधी नको, गणपतीनंतर नको, पावसात तर लागतच नाही. मी रंग कधी काढू? प्रत्येक अर्जात ‘ॲलर्जी’ हा शब्द आहे, एकालाही डॉक्टरचा कागद जोडलेला नाही. मागितला की म्हणतात, आमचा विश्वास नाही का?

डेंग्यूचा पेशंट निघाला की पालिकेचे लोक सांगून येत नाहीत. दोन दिवस आधी कसं कळवू? डास थांबणार आहेत का?

कबुतरांना दाणे घालण्याचं तर विचारूच नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. विष्ठेमुळे फुप्फुसाचा आजार होतो हे डॉक्टर सांगत होते, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तरी रस्त्यावर माणसं उतरली. तिथे सरकारला जे जड गेलं ते मी बिनपगारी सेक्रेटरीने करायचं?

सुकटप्रेमी

सेक्रेटरीसाहेबांनी एक अर्ज लिहायचा राहिला, तो मी लिहितो. आमच्या मजल्यावर एक बाई आहेत. त्यांना ‘वासाची ॲलर्जी’ आहे. कोणत्या वासाची? सुकट, जवळा, सोडे. लिफ्टमधला अत्तराचा भपका चालतो, डिओ चालतो. गेली दोन वर्षं आम्ही खिडक्या लावून, दाराखाली टॉवेल कोंबून बोंबील भाजतो. माझी आई ऐंशी वर्षांची, मालवणची. स्वतःच्या घरात चोरासारखी स्वयंपाक करते.

म्हणून या धाग्याची भीती वाटते. वासाने त्रास होतो हे एकदा सोसायटीच्या नियमात बसलं की पहिला नंबर स्प्रेचा लागणार नाही, आमच्या तव्याचा लागेल. मुंबईत मासे खाणाऱ्याला घर नाकारताना ‘वास’ हाच शब्द वापरतात. तुमची गरज खरी असेल, पण तुम्ही घडवलेलं हत्यार कुणाच्या हातात जाईल ते बघा.

बिनगव्हाची

सुकटप्रेमी, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण वास न आवडणं आणि वासाने छाती आवळणं यात फरक आहे ना?

सुकटप्रेमी

आहे. तो ठरवणार कोण? त्या बाईसुद्धा छातीवर हात ठेवूनच सांगतात.

पॅथॉलॉजीवाला

इथे मला दोघांचाही राग ओढवून घ्यावा लागणार.

दमा मोजता येतो. फुंकर मारायचं पीक फ्लो मीटर स्वस्तात मिळतं, घरी रोज नोंद ठेवा, स्प्रेच्या दिवशी आकडा पडतो का बघा. दम्याच्या माणसाला तीव्र सुगंध ट्रिगर ठरू शकतो, यात वाद नाही. ती ॲलर्जी असेलच असं नाही, श्वासनलिका चिडते. पण चिडलेली श्वासनलिका खरीच असते.

सुकटप्रेमी, तुम्हाला न आवडणारी गोष्ट: कोळंबी-मासे शिजतानाच्या वाफेतून त्यांची प्रथिनं हवेत येतात, आणि ज्याला माशांची खरी ॲलर्जी आहे त्याला त्यानेही त्रास होऊ शकतो. तुमच्या शेजारणीला ती आहे का, हे तपासणीने कळेल. तोंडाच्या शब्दावर तव्याला कुलूप लावायची गरज नाही. गंमत म्हणजे कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन झुरळात आणि घरच्या धुळीतल्या किड्यांतही थोड्याफार फरकाने तेच असतं. म्हणजे कोळंबीने खाज सुटणाऱ्या माणसाला गादी आणि मोरी आधी साफ करावी लागू शकते.

आता उरले ते लोक ज्यांना रंग, फिनेल, डिटर्जंट, अत्तर, छापील कागद, सगळ्यानेच त्रास होतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत रँडॉल्फ नावाच्या डॉक्टरने ही कल्पना मांडली, पुढे तिला ‘बहुविध रासायनिक संवेदनशीलता’ असं नाव पडलं. पण अशा लोकांना नकळत कधी रसायन, कधी साधी हवा दिली, तर बहुतेक प्रयोगांत त्यांना फरक ओळखता आला नाही. १९९६ मध्ये बर्लिनला तज्ज्ञांच्या बैठकीत त्या नावातूनच ‘रासायनिक’ शब्द काढावा असं सुचवलं गेलं. मात्र डोकं दुखतं, घाम फुटतो, हे खोटं नसतं. कारणाबद्दल वाद आहे, त्रासाबद्दल नाही. हा फरक सभेत समजावून सांगता आला तर मला कळवा, मी पेढे वाटेन.

आणि हात जोडून: आठ-दहा हजारांना ‘शंभर पदार्थांची इन्टॉलरन्स टेस्ट’ विकतात, त्यातल्या आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) तपासणीवर आहार सोडू नका. आयजीजी वाढलेलं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, इतकंच बहुधा. माझ्या काउंटरवर असा कागद घेऊन आलेली एक बाई तांदूळ, दूध, तूर, टोमॅटो सगळं सोडून बसली होती. वजन अडतीस किलो.

दुपटं

अवांतर, पण राहवत नाही. माझ्या भाच्याच्या बारशाला ट्रंकेतली जुनी दुपटी काढली, डांबरगोळ्यांच्या वासाची. दोन दिवसांत बाळ पिवळं पडलं, लघवी कोकच्या रंगाची. त्याला जी६पीडी, म्हणजे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम, कमी होतं, गोळ्यांतल्या नॅप्थलीनने रक्तपेशी फुटल्या. वेळेत दवाखान्यात नेला म्हणून वाचला. ‘वासाने काय होतंय’ असं मीच म्हटलं होतं.

मोदकवाली_काकू

माझा केटरिंगचा व्यवसाय, दादर ते ठाणे ऑर्डरी घेते. खरं सांगते, कडू वाटेल. कुणी फोनवर विचारलं, काकू, बिनगव्हाचं मिळेल का, तर मी नाही म्हणते. माझ्याकडे उकडीचे मोदक तांदळाचे, घावन तांदळाचे, वडे बेसनाचे. ऐकायला सगळं चालण्यासारखं. पण त्याच कढईत आधी पुऱ्या तळलेल्या असतात. वरणात हिंग. बाजारचा बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि मैदा. काहींत तांदळाचं पीठ असतं. हे माझ्या पोरींना पाठ करून घेता येईल, पण लग्नाच्या दिवशी चारशे पानांत कुणाचा हात कुठे लागला ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

जैन जेवणाचं विचाराल तर त्यांना वेगळी शेगडी, वेगळी भांडी देते. का? कारण महिन्याला दहा ऑर्डरी येतात. बिनगव्हाची वर्षात दोन. देवाचं आणि डॉक्टरांचं असं काही नाही हो ताई, गिऱ्हाइकाचं आहे. आणि जैन ऑर्डरीत चुकून कांदा गेला तर पैसे कापले जातात. तुमच्या लेकीच्या ताटात चूक झाली तर ती आजारी पडते. मला त्याची भीती वाटते म्हणून नाही म्हणते, नखरा समजून नाही.

बिनगव्हाची

काकू, तुमचं ‘नाही’ मला हजार वेळा चालेल. ‘हो हो, काही नाही त्यात’ म्हणणाऱ्यांनीच आम्हाला दोनदा अंथरुणावर झोपवलंय. पण गिऱ्हाइकाचं आहे म्हणालात तर माझा गिरणीवाला? मीही रोख पैसेच देते.

मोदकवाली_काकू

त्याला गव्हावर तांदूळ दळल्याने कुणी आजारी पडतं यावर विश्वासच नसेल. एकादशी मोडल्याने पाप लागतं यावर आहे.

चाळीतला

इथपर्यंत वाचलं. प्रसादाचं मागे घेतो. माझ्या नातीला शेंगदाण्याचं आहे, सुनेने सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. ते इथे लिहिण्याची गरज नव्हती, लिहिलं. स्प्रेबद्दल मत तेच. जिन्याने जा.

बिनगव्हाची

दम्याच्या बाईला सात मजले जिन्याने! आजोबा, तुम्ही कोळीण बदला आधी.

सेक्रेटरी_नाइलाजाने

स्प्रेवर खरं सांगू? आमच्याकडे तो कुणी मागितलाच नव्हता. लिफ्ट देखभालवाल्याने फुकट लावून दिला, पुढे रिफिलचं बिल येऊ लागलं. तो काढायला नियम लागत नाही, स्क्रूड्रायव्हर लागतो. तुमच्याकडेही तसंच असेल तर ‘ॲलर्जी’ शब्द न काढता खर्चाच्या मुद्द्यावर मांडा, पाच मिनिटांत पास होईल. सुकटप्रेमींच्या तव्यालाही धक्का नाही. सोसायटीचं ठरलेलं पेस्ट कंट्रोल आधी कळवणं मलाही जमेल. पालिकेच्या धुराचं नाही जमणार.

सुकटप्रेमी

हे चालेल. घरात मच्छर अगरबत्ती लावणाऱ्यांनीही कधीतरी स्वतःकडे बघा. २००३ सालच्या अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. आमच्या बोंबलाचं नाव उगाच खराब.

बिनगव्हाची

म्हणजे पुन्हा खोटंच बोलायचं. गिरणीत उपवास, सभेत खर्च. बरं. मांडते.

नवी_सदस्य

काकू, बिनमैद्याचा हिंग कुठे मिळेल? लालबागला खडा घेतला होता, तो चालतो ना?

मोदकवाली_काकू

खडा आहे म्हणून शुद्ध असं नाही गं, बांधानीचाही खडा असतो. सुटा घेऊच नकोस. बंद पाकीट घे, मागे घटक वाच. गहू असेल तर ॲलर्जीच्या ओळीत लिहावंच लागतं. ‘तांदळाचं पीठ’ लिहिलेलं शोध. नाहीच मिळालं तर लसणाची फोडणी घाल.