उद्देशपत्रात कायदा नको, काम लिहा

नर्सिंगची पदवी असताना वृद्धत्व आणि सार्वजनिक धोरण या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करावा का, असं तुम्ही विचारलंत. जरूर करा. वर उत्तर दिलेल्या एकदोघांनी 'आधी अर्थशास्त्र हवं' म्हटलंय, ते मला पटत नाही. वॉर्डात म्हाताऱ्या माणसांना हाताळलेल्या व्यक्तीला धोरण कुठे अडतं ते आतून दिसतं.

मात्र अर्जासोबतच्या उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) 'मला ज्येष्ठांची सेवा करायची आहे' एवढंच लिहू नका. एक प्रश्न धरा. उदाहरणार्थ, इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 60 ते 79 वयासाठी महिना 200 रुपये आहे, ऐंशीनंतर 500. तुमच्या रुग्णाच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात बसतात का? हे मांडलंत की तुमचा अनुभव आणि धोरण आपोआप जोडले जातात. 2007 चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदाही मूळातून वाचाच, पण त्याचा सारांश पत्रात उतरवू नका.

आकड्यांची भीती वाटत असेल तर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेलं 'लासी' हे भारतातल्या वाढत्या वयाच्या माणसांचं सर्वेक्षण बघा. पहिली फेरी 2017-18 ची, 45 वर्षांवरील सत्तर हजारांहून जास्त माणसं. त्यातला एखादा तक्ता स्वतः समजून घेतलात तर निवड समितीशी बोलताना हात थरथरणार नाहीत.

शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाकडून नको, तुम्हाला काम करताना पाहिलेल्या सिस्टरकडून घ्या. ब्रिटनला जायचं असेल तर ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्तीही बघा, पण तिला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं.